घे आणि घ्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

उजवा पाय पहिल्या पायरीवर होता, डावा अजून जमिनीवर, आणि हात टॉवरला लागायला बोटभर अंतर होतं. तेवढ्यात तू बोललीस.

कानाला लावलेल्या रेडिओतून नाही. माझा हात आणि लोखंड यांच्या मधल्या ठिणगीतून बोललीस. जांभळट ठिणगी, गोमेसारखी वळवळणारी. तिच्यातून तुझा आवाज आला, बारीक, नाकातून बोलल्यासारखा, पण तुझाच. वाक्य संपलं, ठिणगी गेली, मग मी पडलो.

वर मायना घातलेला नाही. काय घालावा कळेना. चौकशी समितीच्या कागदांत तू रेडिओ केंद्राची 'निवेदिका' आहेस आणि मी 'सदर कामगार'. त्या हिशेबाने 'आपणांस' लिहायला हवं. डाव्या हाताने जोडाक्षरं आधीच नीट निघत नाहीत, त्यात आदर कुठे घालू?

भावोजींचा, म्हणजे त्या दिवशी ट्रान्समीटरवर असलेल्या इंजिनिअरचा, अहवाल काल ऐकला. समितीचा कारकून दवाखान्यात आला, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि वाचून गेला. 'ट्रान्समीटर बंद करण्यात आला होता. वारा व धूळ यांमुळे टॉवरवर स्थिर प्रभार साठला होता. सदर कामगाराने अर्थिंग न करता टॉवरला स्पर्श केल्याने त्यास झटका बसला.' भाषा उत्तम आहे. 'त्यास' तर फारच उत्तम. घरी ते मला 'ए माकडा' म्हणतात.

हे असंच कायम झालं, तर चूक माझी आणि चढण्याचा परवाना गेला. मग मी आयुष्यभर खाली उभा राहून दुसऱ्यांचे दोर धरणार.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. केंद्र बंद करतानाचं छापील निवेदन वाचून झाल्यावर तू माइकवर काय बोललीस, ते समितीला सांग. मला काय ऐकू आलं ते मी इथे लिहीत नाही. आधी तू सांग. जुळतं का ते मग बघू.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. भावोजी सांगायला विसरले असतील, म्हणून कळवतो.

— सदर कामगार


शनिवार, ८ फेब्रुवारी

ताई,

मायना घातला आहे. खूश हो.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. 'निवेदनात छापलेलं होतं तेवढंच मी वाचलं. नमस्कार म्हणाले आणि माइक बंद केला. झटका बसल्यावर माणसाला काहीही ऐकू येतं. जखमेला पाणी लागू देऊ नकोस.' इतकी वर्षं बोलण्याची नोकरी केलीस, आणि लिहायला बसलीस की गोगलगाय होतेस.

'झटका' हा शब्द तुझा नाही. तो भावोजींचा. त्यांनी तो अहवालात घातला, तू तो पत्रात घातलास. तुमच्या घरात भाज्या एकत्र येतात तसे शब्दही एकत्र येतात का?

आठवत नसेल तर सांगतो, हा शब्द त्यांनी मला कसा शिकवला. तुमच्या जुन्या घराच्या गच्चीवर. रविवार होता. तू कपडे वाळत घालत होतीस. मी नुकताच कॉलेज सोडून टॉवरच्या कामाला लागलो होतो आणि भावोजींना म्हणालो, 'मी त्या खांबावर चढणार, तर तो करतो काय ते मला कळू दे. आवाज वर चढतो आणि टोकावरून उडतो का?'

ते हसले. वाईट नव्हते हसले. तेव्हा ते चांगले होते. त्यांनी कपड्यांची दोरी सोडली, एक टोक तुझ्या हातात दिलं, म्हणाले, 'धर, सोडू नकोस.' तू म्हणालीस, 'लग्नातही हेच सांगितलं होतं.'

मग त्यांनी त्यांच्याकडचं टोक हळूहळू एका बाजूला नेलं. एका चालीने. दोरी सरळच राहिली. 'काही कळलं का?' तू म्हणालीस, काही नाही. मग त्यांनी टोकाला एकदम झटका दिला. दोरीत बाक पडला, तो बाक पळत पळत गच्चीभर गेला आणि तुझ्या मनगटावर आपटला. तू 'आई गं' म्हणालीस.

'हेच,' ते म्हणाले. 'चार्जभोवती अशा दोऱ्या असतात, सगळीकडे ताणलेल्या, लांबवर. चार्ज थांबलेला असेल तर दोऱ्या सरळ. एका चालीने सरळ चालला तरी सरळ. पण चाल वाढली, कमी झाली, दिशा बदलली, की जवळची दोरी लगेच वळते. लांबच्या दोरीला अजून बातमी नसते. मधे बाक पडतो. तो बाक प्रकाशाच्या वेगाने बाहेर पळतो. आम्ही त्याला लाट म्हणतो. आपल्या टॉवरमध्ये चार्ज सेकंदाला लाखो वेळा वर-खाली हेलकावतात. सारखे वळत असतात. ते वळणं थांबलं की लाट थांबली.'

मी विचारलं, 'वर-खाली म्हणजे टोकापर्यंत जातात?'

'कुठले! केसाएवढेही हलत नाहीत. जागच्या जागी.'

तू म्हणालीस, 'म्हणजे आमच्या हेडक्लार्कसारखे. जागचे हलत नाहीत आणि गावभर गाजतात.' त्या दिवशी आपण तिघं हसलो होतो. लिहून ठेवतो, कारण पुन्हा हसू असं वाटत नाही.

आता अहवालात तेच भावोजी लिहितात, 'स्थिर प्रभार'. स्थिर! धुळीने साठलेला चार्ज टॉवरवर बसून असतो, हे खरं आहे. मला तो अनेकदा चावला आहे. तो एकदा 'चट्' करतो आणि संपतो. दारात बसलेल्या कुत्र्यासारखा. तो वाक्य बोलत नाही. वाक्य बोलायला ठिणगी टिकावी लागते, आणि तुझ्या आवाजाप्रमाणे मोठी-लहान व्हावी लागते, म्हणजे हवा तापते, निवते आणि बोलते. त्यासाठी ट्रान्समीटर चालू लागतो.

हे खोटं आहे असं तू म्हणू शकत नाहीस. गवत आठव. कुंपणाच्या आत गवत वाढलं आणि एक पातं टॉवरला टेकलं, तेव्हा ते पातं धुमसत धुमसत बाजारभाव वाचत होतं. भावोजींनी तुला मुद्दाम बोलावून ऐकवलं होतं. तू घरी आल्यावर आईला सांगितलंस, 'माझा आवाज गवतालासुद्धा आला.' गवताला आला तेव्हा कौतुक. माझ्या हाताला आला तर भास.

अजून एक. टॉवर जमिनीला टेकलेला नसतो, चिनी मातीच्या ठोकळ्यावर उभा असतो. तो चालू असताना चढायचं तर ट्रान्समीटरची ताकद उतरवून घ्यायची आणि उडी मारायची. दोन्ही पाय एकदम. अंग एक तर सगळं जमिनीचं, नाहीतर सगळं टॉवरचं. तारेवरचा कावळा याच नियमाने जगतो. त्या दिवशी मी उडी मारली नाही, जिना चढावा तसा चढलो. 'बंद आहे' असं कुणीतरी सांगितल्याशिवाय मी तसा चढेन का? कुंपणाजवळच्या फोनवर भावोजी म्हणाले होते, 'झालं. नमस्कार म्हणाली. बंद. चढ.'

एक पाय इथे, एक पाय तिथे ठेवला, म्हणून मी भाजलो. तूही तशीच उभी आहेस. फक्त तुला अजून काही झालेलं नाही.

— माकड


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ताई,

घरी आलो आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, आई जेवत नाही.

तुला तिची सवय माहीत आहे, कारण ती तू लावलीस. दोन वर्षांपूर्वी तिला जेवल्याची, न जेवल्याची आठवण राहीनाशी झाली. मी टॉवरवर, तू स्टुडिओत. तेव्हा तू दुपारच्या कार्यक्रमाच्या शेवटी म्हणायला लागलीस, 'मंडळी, आता जेवून घ्या.' केंद्रावर सगळ्यांना ते आवडलं. लोकांनी पत्रं पाठवली. घरचं कुणी बोलावल्यासारखं वाटतं म्हणे. त्यांना काय माहीत की ते एकाच म्हातारीसाठी होतं. आई ताट घेऊन रेडिओपुढे बसायची आणि तू म्हणालीस की पहिला घास घ्यायची.

चौकशी संपेपर्यंत तुला माइकवरून उतरवलं आहे, हे मला रेडिओवरूनच कळलं. तुझ्या जागी दुसरी बाई आहे. तीही म्हणते, 'मंडळी, आता जेवून घ्या.' आई माझ्याकडे बघून म्हणाली, 'ही कोण आगाऊ?'

परवा तू फोन केलास. मी तो तिच्या कानाला लावला. तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. ती काय म्हणाली ते आलं. 'तू नाहीस ती. ती रेडिओत असते.' आणि तिने फोन माझ्या हातात दिला. तू तोवर ठेवला होतास.

आता ऐक. तुझं सगळं निवेदन त्या दिवशी कार्यक्रम अधिकाऱ्याने लिहून दिलं होतं. 'श्रोतेहो, हे केंद्र देखभालीच्या कामासाठी आता बंद होत आहे. नमस्कार.' त्यात जेवणाचं काही नव्हतं. त्या अधिकाऱ्याला आई नसावी. तू ते वाचलंस. समितीकडचं रेकॉर्डिंग तिथेच संपतं. मग तुला आठवलं असणार.

मी आईला विचारलं, 'त्या दिवशी, मी दवाखान्यात गेलो त्या दिवशी, तू जेवलीस का?'

'जेवले की.'

'कुणी वाढलं?'

'मीच घेतलं. तिने सांगितलं ना.'

'काय सांगितलं?'

यावर तिने जे उत्तर दिलं ते मी बसल्या जागी लिहून घेतलं नाही, मला तशी गरज वाटली नाही. म्हणाली, 'दोन वर्षं मेली मला घ्या-घ्या करते. स्वतःच्या आईला अहो-जाहो! त्या दिवशी नीट बोलली. म्हणाली, आई, जेवून घे.'

मी ठिणगीत ऐकलेलं वाक्य तेच होतं. आई, जेवून घे.

मंडळींना कुणी 'घे' म्हणत नाही. निवेदनात 'घे' कुणी लिहून देत नाही. तू नमस्कारानंतर माइक पुन्हा उघडलास, आणि घाईत तोंडातून घरचं रूप गेलं. आणि ते हवेत गेलं, कारण टॉवर चालू होता.

भावोजींना हे विचार, त्यांना हिशेब आवडतो. स्थिर चार्जचा धाक अंगणापुरता. लांब जाईल तसा तो झपाट्याने विरतो. गावाच्या टोकापर्यंत जाते ती फक्त वळणाऱ्या चार्जची लाट. तर स्थिर प्रभार माझी बोटं जाळू शकेल. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आईला तो जेवू कसा घालेल?

कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा रेडिओ तेव्हा चालू होता. त्यालाही विचारून आलो. तो म्हणाला, 'शेवटी बाई काहीतरी घे म्हणाल्या. मला वाटलं, जाहिरात.' त्याला समितीपुढे नेलं तर ते जाहिरातच लिहून घेतील. आईला नेलं तर ती त्यांना ताट मागेल. तुझ्याशिवाय साक्षीदार नाही.

तिने आज दोन घास घेतले. मी भरवले. डाव्या हाताने. अर्धे पदरावर सांडले आणि वर ती म्हणाली, 'तुला कुणी काही शिकवलं नाही का?'


सोमवार, १७ फेब्रुवारी

ताई,

काल भावोजी आले होते. तुला सांगून आले की न सांगता, ते तुमचं तुम्ही बघा. पिशवीत फळं होती. दवाखान्यातून सुटल्यावर फळं आणणारा माणूस म्हणजे वरात गेल्यावर घोडा आणणारा.

'कसा आहेस माकडा?'

'त्यास बरं आहे,' मी म्हणालो.

ते बसले. त्यांनी हाताकडे बघितलं आणि मग भिंतीकडे. आईने त्यांना ओळखलं नाही, पण पाणी दिलं. त्यांचा शर्ट इस्त्रीचा होता आणि कॉलरला शाईचा डाग होता. तू हल्ली बघत नाहीस वाटतं.

म्हणाले, 'परवाना म्हणजे काय सगळं आयुष्य नाही. तुला खाली काम लावून देतो. कंट्रोल रूममध्ये. सावलीत.'

'खुर्ची?'

'खुर्ची देतो.'

'हातांची का बिनहातांची?'

मग त्यांनी खरं काय ते काढलं. 'तिला यात ओढू नकोस. खासगी निरोप हवेत सोडलेला चालत नाही, नियम आहे. माइक पुन्हा उघडल्याचं समितीला कळलं तर ते तिला कायमची काढतील. तुझी बोटं परत येणार आहेत का?'

ताई, मी त्यांच्याशी माइकबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

त्यांच्याही लक्षात आलं. ते पाणी प्यायले. भांडं रिकामं होतं, तरी प्यायले.

मी विचारलं, 'तुम्ही फोनवर बंद म्हणालात, तेव्हा हात बटणावर होता का?'

'होताच.'

'मग?'

'आवाजाचा काटा पुन्हा हलला,' ते म्हणाले. 'म्हणजे ती बोलत होती. मला वाटलं, होऊ दे एवढं वाक्य.'

झालं एवढंच. मी त्यांना दुष्ट समजत होतो, आणि ते नवरा निघाले. तुझ्या घरी मी जेवायला कितीदा आलो असेन. एकदाही त्यांनी तुझं वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. तू 'आज काय झालं माहीत आहे का' म्हणायचीस आणि ते 'मीठ दे' म्हणायचे. सबंध संसारात त्यांनी तुझं एकच वाक्य पुरं होऊ दिलं, आणि त्याखाली माझा हात होता.

मी म्हणालो, 'हेच समितीला सांगा.'

ते उठले. दारात थांबून म्हणाले, 'सांगतो. पण मग तूही सांग, अर्थिंगचा दांडा का लावला नव्हतास. तो लावला असतास तर ठिणगी दांड्यावर पडली असती, हातावर नाही. माझ्या खोट्यात तेवढं खरं आहे.'

आहे. दांडा लावला नव्हता. टॉवर बंद आहे असं कळल्यावर, हात लावण्याआधी, त्याला जमिनीला जोडलेला दांडा अडकवायचा असतो. साठलेला चार्ज असेल तर तो जमिनीत जातो, आणि कुणी खोटं बोललं असेल तर तेही तिथेच कळतं. शेजारी कुंपणाला टेकवलेला होता तो. दुसरा कुणी इंजिनिअर 'बंद' म्हणाला असता तर लावला असता. त्यांच्या शब्दाला मी कधी दांडा लावलेला नाही. घरच्या माणसाने 'बंद' म्हटलं की बंद.

हे तू वाचलंस. आता तुला जे करायचं ते कर. मी समितीला आपणहून सांगणार नाही. तेवढा साधू मी नाही. त्यांनी विचारलं, तर बघू.

पण तू 'घे' म्हणालीस की नाही, एवढंच माझं तुझ्याशी आहे. ते म्हणालीस तर ट्रान्समीटर चालू होता. नाही म्हणालीस तर मी खोटा, आई वेडी आणि न्हावी बहिरा.

फळं परत पाठवतो आहे.


बुधवार, १९ फेब्रुवारी

ताई,

उद्या समिती. तुझं उत्तर आज दुपारी आलं, म्हणजे भावोजी ऑफिसला गेल्यावर लिहिलंस. दोन ओळी. 'तुला माझी नोकरी हवी आहे की तुझा परवाना? दोन्ही एका वाक्यात राहत नाहीत.'

बरोबर आहे. राहत नाहीत. मला परवाना हवा आहे. तुझी नोकरी जावी असं वाटत नाही, पण ती वाचवण्यासाठी मी खोटा ठरावं असंही वाटत नाही. हे मी गोड करून लिहू शकत नाही. गोड बोलायचं खातं आपल्या घरात तुझ्याकडे होतं.

तुला वाटत असेल, दोन बोटांसाठी हा केवढा बोंबलतो. बोटांसाठी नाही. बोटं गेली ती गेली. वर चढल्यावर, सगळ्यात वरच्या दिव्यापाशी, काहीच ऐकू येत नाही. सगळा टॉवर बोलत असतो आणि त्यावर बसलेल्याला एक शब्द कळत नाही. खाली गावात घराघरांत तुझा आवाज चालू आहे, हे ठाऊक असायचं, आणि आपल्याला शांत. मला ते आवडायचं. तुझा त्रास न होता तुझ्याजवळ असण्याची ती एकच जागा होती. ती मला परत हवी आहे. तू नकोस, जागा हवी.

तुझा आवाज मी लहानपणापासून ऐकतो. अभ्यास कर. पाय धुऊन ये. माझं नाव सांगू नकोस. कधी लक्ष दिलं नाही. एकदाच नीट ऐकला, तर तो माझ्यासाठी नव्हता.

एक शेवटचं. तू 'घे' म्हणालीस, याची तुला लाज वाटते, असं मला वाटायला लागलं आहे. नियमाची भीती वेगळी, ती मला कळते. पण तू पहिल्या पत्रात 'काहीही ऐकू येतं' लिहिलंस, तेव्हा तुला नोकरीचं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा तू फक्त लपवत होतीस. दोन वर्षं आईला सगळ्या गावाबरोबर 'घ्या' म्हटल्यावर एकदा 'घे' निघालं, ते कुणी ऐकलं, याची लाज. एका चालीने चालत होतीस. कुणाला काही कळत नव्हतं. एकदा वळलीस, आणि ते गावभर गेलं.

उद्या खोटं बोलणार असशील तर माझ्याकडे बघून बोल.

आईने आज काही घेतलं नाही.


गुरुवार, २० फेब्रुवारी

कालचं पत्र टाकलं नाही. त्याखालीच लिहितो.

सकाळी समिती बसली. तू आलीस आणि भावोजींच्या शेजारी बसलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. अध्यक्षांनी तुला निवेदन वाचायला सांगितलं. तू वाचलंस, रेडिओवर वाचतेस तसं. त्यांनी विचारलं, 'नमस्कारानंतर काही बोललात?' तू म्हणालीस, 'हो. माइक पुन्हा उघडला. आई, जेवून घे, असं म्हणाले.' कारकुनाने मान वर न करता विचारलं, 'घ्या की घे?' तू म्हणालीस, 'घे.' मग पर्समधून माझं सोमवारचं पत्र काढून टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, 'त्याने अर्थिंगचा दांडा लावला नव्हता. त्याच्याच अक्षरात आहे. हेही लिहून घ्या.' त्यांनी लिहून घेतलं.

निकाल लागेपर्यंत भावोजींनी ट्रान्समीटरला हात लावायचा नाही, मी टॉवरला, तू माइकला. बाहेर पडताना दारात आपण दोघं एकदम आलो. तू मला आधी जाऊ दिलं नाहीस. मीही तुला दिलं नाही. खांद्याला खांदा लागला.

घरी आलो तेव्हा आई ताट घेऊन रेडिओपुढे बसली होती. मी म्हणालो, 'आई, जेवून घे.' ती म्हणाली, 'तू कोण सांगणारा?' आणि रेडिओचा आवाज मोठा केला.